भांग रुंदावतो तेव्हा

बारशाचा फोटो कुणीतरी हॉलच्या वरच्या गॅलरीतून काढला होता. पाळण्याभोवती वाकलेल्या बायका आणि मधोमध माझ्या मावशीचं डोकं. भांगाची रेघ करंगळीएवढी रुंद झालेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना केसांतून डोक्याची त्वचा दिसत होती. मावशीने फोन माझ्यापुढे धरला. "अगं, ही मी आहे?" बासष्ट वर्षांची, उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेली बाई. रोज आरशात समोरून पाहणारी. वरून स्वतःला पाहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

त्या फोटोनंतर वर्षभर मी तिच्याबरोबर दुकानं पालथी घातली, रंगभूषा करणाऱ्यांना भेटले, त्वचारोगतज्ज्ञांकडे बसले. त्यातून जे उमगलं ते लिहिते आहे, कारण या विषयावर बायका एकमेकींशीसुद्धा बोलत नाहीत, आणि न बोलण्यामुळे पैसे वाया जातात, उरलेले केसही जातात.

पुरुषाचं टक्कल कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे सरकत जातं. बाईचं तसं नसतं. जर्मनीतले त्वचारोगतज्ज्ञ एरिख लुडविग यांनी १९७७ साली बायकांच्या केस विरळ होण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. डॉक्टर आजही त्याच वापरतात. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की कपाळावरची केसांची कड बहुतेक वेळा शाबूत राहते. विरळपणा भांगापासून सुरू होतो आणि माथ्यावर पसरतो. कानांवरचे, मानेवरचे केस दाटच असतात. म्हणजे बहुतेक बायकांना पूर्ण विग लागतच नाही. लागतो तो माथ्यापुरता तुकडा. दुकानात त्याला टॉपर म्हणतात, कुणी पॅच म्हणतं. आपल्या आज्यांचं गंगावन वेगळं. ते वेणीला लांबी द्यायचं आणि खाली गुंफलं जायचं. टॉपर वर बसतो आणि झाकण्याचं काम करतो. आज्या गंगावन उघडपणे खुंटीला टांगून ठेवत. टॉपर मात्र कपाटात साड्यांच्या मागे लपवला जातो.

दुकानाची पायरी चढण्याआधी डॉक्टरांची चढावी. रोज ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच आहे. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, जबर उपासमार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ येऊ लागतात आणि बाई घाबरते. पण ते गळणं बहुधा पाच-सहा महिन्यांत आपोआप आवरतं. तेव्हा महागडा टॉपर घेण्याची घाई नको. थायरॉइड आणि अंगातलं लोह यांची तपासणी करून घ्यावी. रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती चाई. तिचे उपचार वेगळे. आणि डोक्याला आग होत असेल, खाज असेल, त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर एक आठवडाही थांबू नका. त्या प्रकारात गेलेला केस परत येत नाही, उरलेला वाचवता येतो. मावशीचं निदान सरळ होतं, लुडविगची दुसरी पायरी. डॉक्टरांनी डोक्याला लावायला मिनॉक्सिडिल दिलं, फरक पडायला चार-सहा महिने लागतील असं सांगितलं आणि म्हणाले, "तोवर टॉपर लावा की, हरकत नाही. फक्त औषध पूर्ण वाळल्यावर लावा."

आता आमची चूक सांगते. पहिला टॉपर आम्ही उपनगरातल्या एका दुकानातून घेतला. मावशीने पदर डोक्यावरून घेतलेला, दाराकडे पाठ करून बसलेली. कुणी ओळखीचं येईल या धास्तीने तिला लवकर सुटायचं होतं. दुकानदाराने तिला अंबाडा सोडायलाही सांगितलं नाही. फोटोतला एक दाखवला. अठरा इंच लांब, काळाभोर, घनदाट. वर बसवला आणि म्हणाला, वय दहा वर्षांनी कमी दिसतंय. घरी उजेडात पाहिलं तर डोक्यावर टोपी घातल्यासारखं. तिचे केस खांद्यापर्यंत, मेंदी लावलेले, वयाप्रमाणे बारीक झालेले. त्यावर हा जाड काळा थर. लोकलमध्ये ठाण्यापर्यंत जाईतो क्लिपा टोचू लागल्या. परत घेऊन गेलो, तर एकदा डोक्याला लागलेला माल परत घेत नाही असं उत्तर मिळालं. त्यात दुकानदाराचं चुकतंय असं नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी असतोच. पण म्हणूनच आधी नीट पाहायला लावणं हे त्याचं काम होतं, आणि ते त्याने केलं नाही.

बाईच्या या घाईमागे फार जुनं दुःख आहे. आपल्याकडे केस नसलेलं बाईचं डोकं म्हणजे विधवेचं डोकं, हे पिढ्यान्पिढ्या मनावर कोरलं गेलं. १८९० साली मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला, तेव्हा त्या वस्तऱ्यामागची क्रूरता जाहीरपणे नाकारली गेली. प्रथा गेली, पण ती धास्ती कुठेतरी उरली आहे. म्हणून सांगते, दुकानात एकटीने जाऊ नका. बहीण, मुलगी, मैत्रीण, जिच्यासमोर केस सोडताना संकोच वाटत नाही अशी कुणीतरी बरोबर असू द्या. बसायला आडोसा, हातात आरसा आणि खिडकीचा उजेड न देणाऱ्या दुकानातून उठून यावं.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी घरी माप घेतलं. ते असं. मावशीने केस धुऊन, वाळवून, नेहमीचा भांग पाडला. डोक्यावर स्वयंपाकघरातली पातळ चिकट प्लॅस्टिकची फिल्म ताणून बसवली आणि ती हनुवटीखाली तिने धरून ठेवली. तिच्यावर मी सेलोटेपच्या पट्ट्या आडव्याउभ्या लावल्या, म्हणजे आकार धरून राहतो. मग मार्करने त्वचा जिथे जिथे दिसत होती त्या भागाभोवती रेघ काढली, भांगाची जागा आखली, कपाळाची कड आखली. फिल्म उचलली तेव्हा माझ्या हातात तिच्या माथ्याचा साचा होता. पुढून मागे पाच इंच, आडवा साडेतीन. त्याच्या चारही बाजूंना साधारण एकेक इंच वाढवायचा. तो वाढीव पट्टा का, तर क्लिपा दाट आणि मजबूत केसांवर बसल्या पाहिजेत. विरळ केसांवर क्लिप बसली तर टॉपर तर घसरतोच, वर तेच दुबळे केस मुळासकट ओढले जातात. माप घेतल्यावर कळलं, की आधीच्या टॉपरचा तळ अडीच इंच रुंद होता. त्याच्या क्लिपा नेमक्या विरळ भागात रुतत होत्या. वर केसांचा डोंगर, खाली पाया एवढासा.

तळ हाच खरा टॉपर. केसांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खोटेपणा उघडा पडतो तो भांगात. स्वस्त टॉपरमध्ये केसांच्या शिवलेल्या पट्ट्या ओळीने लावलेल्या असतात. वरून फुगीर दिसतं, पण भांग पाडला की शिवण दिसते. मोनोफिलामेंट म्हणजे मच्छरदाणीहून कितीतरी बारीक अशी पारदर्शक जाळी. तिच्यात एकेक केस हाताने गाठ मारून ओवलेला असतो. खालची स्वतःची त्वचा जाळीतून दिसते, त्यामुळे भांगाचा रंग आपोआप जुळतो, आणि हवा खेळती राहते. सिल्क टॉपमध्ये दोन थर असतात आणि गाठी त्या दोन थरांच्या मध्ये लपतात. वरून पाहिलं तर केस त्वचेतूनच उगवल्यासारखे वाटतात. दिसायला हा सगळ्यांत सुंदर. मात्र तो जाड असतो, मुंबईच्या मे महिन्यात तापतो, आणि त्याच्या कापडाचा रंग पुष्कळदा गोऱ्या कातडीचा असतो. गव्हाळ, सावळ्या बाईच्या डोक्यावर तो भांग खडूने रेघ मारल्यासारखा उठून दिसतो. त्यावर उपाय आहे. भांगात चेहऱ्याला लावतो तीच कॉम्पॅक्ट पावडर बारीक ब्रशने दाबून लावायची. लेसच्या जाळीचा पांढुरका रंग उतरवायला रंगभूषेतली माणसं ती कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून घेतात. मला ही युक्ती एका नाट्यसंस्थेत टोप सांभाळणाऱ्या काकांनी सांगितली. घरी करायची झाली तर चहा गार हवा, आणि आधी जाळीच्या कोपऱ्यावर करून पाहावं. कपाळाच्या कडेला लेस लावलेले टॉपर महाग असतात. ज्यांची कड शाबूत आहे त्यांनी त्यावर पैसे घालू नयेत. टॉपर कडेच्या बोटभर मागे बसवावा आणि पुढचे स्वतःचे केस त्याच्यावर मागे वळवून घ्यावेत. कपाळावर आपलेच केस दिसत असले की पाहणाऱ्याची नजर पुढे जातच नाही.

दाटी हा दुसरा मोह. दुकानात १००, १२०, १५० टक्के असे आकडे सांगतात. प्रत्येक कारखान्याचं मोजमाप थोडं वेगळं असतं, तेव्हा आकड्याला चिकटून बसू नका. एवढं मात्र खात्रीने सांगते, की पन्नाशीच्या पुढे मनाला भावेल त्याहून एक पायरी कमी दाटीचा घ्यावा. वयाप्रमाणे प्रत्येक केस बारीक होतो. माथ्यावर विशीतली दाटी आणि कानांमागे साठीतले केस, हे लग्नघरातली कोणतीही काकू एका नजरेत ओळखते.

आता केस. ते कुठून येतात हे कळलं की भावही कळतो. तिरुमलाला बालाजीच्या पायाशी, कल्याणकट्ट्यावर रोज हजारो भाविक केस वाहतात. त्यांत आपल्याकडच्याही कितीतरी बायका असतात. देवस्थान ते केस लांबीप्रमाणे वेगळे करून ई-लिलावात विकतं. हे केस एका वेळी, एका डोक्यावरून उतरलेले असतात, त्यामुळे मुळं एका दिशेला आणि टोकं एका दिशेला राहतात. यालाच बाजारात रेमी म्हणतात. केसावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पापुद्रे असतात, मुळाकडून टोकाकडे झुकलेले. सगळे केस एका दिशेने असले तर पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. काही उलटे, काही सुलटे झाले तर ते एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो.

दुसरी वाट आपल्या घरातल्या फणीपासून सुरू होते. विंचरून निघालेली गुंतवळ आपण बोटावर गुंडाळून फेकतो, किंवा केसांच्या बदल्यात भांडी-पिना देणाऱ्या बाईला देतो. ती पोत्यांनी जमा होते, कर्नाटकातल्या कोप्पळसारख्या ठिकाणी बायका ती बसून सोडवतात, आणि तिच्यातला बराच माल चीनच्या विग कारखान्यांकडे जातो. हेनान प्रांतातलं शूचांग हे त्या धंद्याचं मोठं गाव. २०२२च्या जानेवारीत भारत सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, त्यामागे प्रक्रियेचं काम इथल्या हातांना मिळावं ही मागणीही होती. गुंतवळीतले केस उलटसुलट असतात. ते गुंतू नयेत म्हणून आम्लात घालून पापुद्रेच काढून टाकतात आणि वर सिलिकोनचा मुलामा देतात. दुकानात असा केस रेशमासारखा लागतो. चार-सहा वेळा धुतला की मुलामा जातो, आणि आतला रुक्ष, गुंतणारा केस हाती येतो. मावशीचा पहिला टॉपर तसलाच होता.

म्हणून दुकानात बट दोन बोटांत धरून टोकाकडून मुळाकडे सरकवून पाहावी. पापुद्रे असलेला केस त्या दिशेने किंचित अडतो. दोन्हीकडून सारखाच घसरत असेल तर विचारा. माणसाचा केस आहे की कृत्रिम, याची शंका असेल तर एक केस मागून घ्या आणि काडीने जाळून पाहा. खरा केस जळका वास देऊन चुरचुरीत राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

कृत्रिम म्हणजे टाकाऊ असं मात्र मी म्हणणार नाही. तो हलका असतो, धुतल्यावरही ठेवण धरून ठेवतो, पावसाळी हवेत फुगत नाही, आणि किंमत फार कमी. कधीतरी लग्नाकार्याला लावायचा असेल तर तोच बरा. पण रोज वापरला तर चार-सहा महिन्यांत मानेवर घासणारी टोकं पिंजली जातात. आणि स्वयंपाकघरात तो घालून जाऊ नये. साधा कृत्रिम धागा उष्णतेने आकसतो. कुकरची वाफ, कढईतून उठणारी धग, ओव्हनचं दार उघडल्यावर येणारा झोत, एवढ्यानेही पुढची बट कुरळते आणि ती पुन्हा सरळ होत नाही. रोज दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला विक्रेत्याने हे आपणहून सांगायला हवं. खऱ्या केसांचा टॉपर पाच-सहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत जातो. नीट सांभाळला तर वर्ष ते दोन वर्षं टिकतो. त्या हिशेबाने महिन्याचा खर्च काढावा आणि मग ठरवावं.

रंग दिवसाउजेडी जुळवावा, ट्यूबलाइटखाली नाही. आणि मुळांशी नाही, मधल्या लांबीशी आणि टोकांशी जुळवावा, कारण टॉपरचे केस तिथेच आपल्या केसांत मिसळतात. मेंदी लावणाऱ्या बायकांची अडचण वेगळी. मेंदीचा तांबूस तयार टॉपरमध्ये सापडत नाही. अशा वेळी काळ्यापेक्षा गडद तपकिरी घ्यावा. टॉपर एखादी छटा गडद करता येतो, फिकट करायला गेलं तर केस खराब होतात. पांढरे केस असतील तर जास्त दाम मोजायची तयारी ठेवा. लांब पांढरा मानवी केस दुर्मीळ असतो, म्हणून त्यात पुष्कळदा याकचे किंवा कृत्रिम धागे मिसळतात. त्यात वाईट काही नाही, पण काय मिसळलं आहे ते विचारून घ्यावं, कारण धुणं आणि उष्णता त्यावर ठरते.

क्लिपांबद्दल थोडं खोलात जाते, कारण नुकसान इथेच होतं. क्लिप लावण्याआधी तिथली बट मुळाशी फणीने हलकीशी पिंजून घ्यायची, म्हणजे क्लिपला धर मिळतो. उलट्या हाताने दात आत सरकवायचे आणि टक् असा आवाज येईतो दाबायचं. डोकं गदागदा हलवून पाहायचं. कुठेही ओढ जाणवता कामा नये. ओढ म्हणजे वेदनेची पहिली पायरी, आणि रोजची ओढ म्हणजे त्या जागचे केस कायमचे जाण्याची वाट. काही आठवड्यांनी क्लिपांच्या जागा थोड्या बदलाव्यात. झोपताना टॉपर काढायचाच.

चिकटपट्टीने किंवा गोंदाने बसवायचे पॅचही मिळतात. त्यासाठी माथ्यावरचे उरलेले केस भादरायला सांगतात. पुरुषांसाठी ते ठीक असेल. बाईने, जिच्या माथ्यावर विरळ का होईना केस आहेत, जिचे उपचार चालू आहेत, तिने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मिनॉक्सिडिल चालू असताना तर त्वचा रोज मोकळी लागते. आणि गोंद लावायचाच असेल तर आधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस पाहावं.

केमोथेरपी घेणाऱ्या बाईचा प्रश्न निराळा. केस बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जाऊ लागतात, आणि सगळे जाऊ शकतात. तिथे क्लिप धरायला केसच नसतात, पूर्ण विग लागतो. तो केस जाण्याआधी निवडावा, म्हणजे स्वतःचा रंग, ठेवण, भांगाची बाजू जुळवता येते. केस गेल्यावर डोक्याचा घेर थोडा कमी होतो, म्हणून मागे आवळता येणारी पट्टी हवी. त्वचा फार हळवी झालेली असते, आतून मऊ सुती टोपी घालावी. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा उगवतात, तेव्हा फार महागाच्या विगची गरज नसते. केसदानातून आलेल्या केसांचे विग रुग्णांना देणाऱ्या संस्था मुंबईत आहेत, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारल्यास पत्ता मिळतो. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. कुणी बारा इंचांची वेणी दिली असेल, तर तिने अडीच वर्षं आपल्या डोक्यावर वाढवलेलं ते दान असतं. आणि एका विगला अशा कितीतरी वेण्या लागतात.

मावशीचा दुसरा टॉपर मोनोचा, तळ सात इंच बाय साडेपाच, केस बारा इंच, दाटी कमी, रंग गडद तपकिरी. नवीन टॉपर डोक्यावर बसवून मगच कापून घ्यायचा असतो, स्वतःच्या केसांत मिसळेल असा. तिच्या नेहमीच्या पार्लरमधल्या बाईंनी कात्री हातात घेतली तेव्हा मी दोनदा बजावलं, हे केस परत वाढणार नाहीत, थोडेथोडेच कापा. त्यांनी अर्धा तास लावला. कानांजवळच्या बटा सोडून दिल्या आणि कपाळावरचे तिचे स्वतःचे केस तसेच दिसू दिले.

दहा-बारा वेळा वापरला की ती तो धुते. आधी गुंता टोकांकडून वर सोडवायचा, मग कोमट पाण्यात सौम्य शाम्पू, पाण्याची धार मुळाकडून टोकाकडे, चोळायचं नाही. कंडिशनर फक्त केसांना, तळाच्या गाठींना लागू द्यायचा नाही, नाहीतर गाठी सैलावतात. तेलाचंही तसंच. डोक्याला तेल लावायचं ते रात्री, टॉपर उतरवल्यावर, आणि सकाळी डोकं धुऊन टाकायचं. धुतलेल्या टॉपरचं पाणी पंच्यावर दाबून टिपायचं आणि पातेलं उपडं घालून त्यावर सावलीत वाळवायचा.

गजरा ती टॉपरवर माळत नाही. मागे मानेवर तिचा स्वतःचा छोटा अंबाडा असतो, त्यात आकडा खोचून माळते. दीड महिन्यातून एकदा मी तिच्याकडे जाते तेव्हा आम्ही क्लिपांचे टाके तपासतो. मागच्या रविवारी डावीकडचा एक टाका उसवला होता. मावशीने चष्मा चढवला, काळा दोरा सुईत ओवला आणि खिडकीत बसून, दार उघडंच ठेवून, तो पक्का केला.